कारणाचा रकाना

प्रिय सूनबाई,

विहीणबाईंचा पाय आता जमिनीला टेकतो हे कळलं, बरं वाटलं. त्यांना माझा निरोप सांग, काठी घ्यायला लाजू नका म्हणावं. आधार घेतला म्हणून कुणाची इज्जत जात नाही. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून तुला हसू फुटणार, ते मला इथे बसून दिसतंय. हस खुशाल, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण मी ते तीन दिवस लिहितेय आणि दोनदा फाडलंय.

इकडचं म्हणशील तर घर अजून उभं आहे. तुझा नवरा रोज सकाळी लेकीच्या, आपल्या ठमाबाईच्या, दोन वेण्या घालतो, एक कानाच्या वर आणि एक कानाच्या खाली. तशाच अवतारात ती ऐटीत शाळेत जाते. तिचा पुढचा दात पडला, तो तिने तुला दाखवायला काडेपेटीत जपून ठेवलाय. गॅलरीतल्या दोरीवर थाइमच्या पाल्याच्या जुड्या उलट्या टांगल्या आहेत, सावलीत, ऊन लागू न देता. हे तुला मीच शिकवलं आणि माहेरी जाताना तूच मला चारदा बजावून गेलीस. तेव्हा मला राग आला होता. आता नाही.

आता मुद्द्याचं. तू फोनवर दोनदा विचारलंस, वाळल्या पाल्याचं मिश्रण कसं झालं, आणि दोन्ही वेळा मी झकास म्हणाले. झकास नव्हतं. तू गेल्यानंतरच्या पहिल्याच खेपेतल्या तीन बरण्या परत आल्या. पहिली बेकरीवालीने आणली. बिचारी बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिली आणि मग हळूच म्हणाली की या वेळी तिच्या पावाला खोकल्याच्या औषधाची चव येतेय. दुसरी वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी बेल न वाजवताच दारात ठेवली. ते मला जास्त लागलं. तिसरी मास्तरांची. त्यांना डॉक्टरांनी मीठ तोडलंय, आठ वर्षं त्यांचं जेवण माझ्या बरणीवर चाललंय. त्यांनी बरणीला चिठ्ठी बांधून पाठवली होती, जन्माची सवय म्हणून लाल शाईत: ‘फार कडू आहे. तुमची प्रकृती बरी आहे ना?’ एकोणीस वर्षं मी बरण्या भरतेय, एकही कधी परत आली नव्हती. आणि हे सगळं कधी, तर वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य बाई चाळीस बिनमिठाच्या ताटांसाठी दर महिन्याला आपलं मिश्रण घ्यायचं म्हणतायत, आणि पुढच्या सोमवारी नमुन्याची बरणी मागतायत, तेव्हा.

चाळीस बिनमिठाची ताटं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? ही गोष्ट तू पन्नासदा ऐकली आहेस, पण पुन्हा सांगते, मला सांगायला आवडते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मी सत्तावीस वर्षं काढली. बिनमिठाच्या वॉर्डातली ताटं जशी जायची तशी परत यायची. सूप गार, बटाटे तसेच, अंडं कडेला सारलेलं. माणसं आजाराने नाही, बेचव जेवणाने खंगायची. एकदा मी घरून पुडीत वाळलेला पाला घेऊन गेले आणि सुपात टाकला. मुख्य आचारी म्हणाले, बाई, पेशंटना गवत चारता का? त्या दिवशी अकरा ताटं रिकामी परत आली. दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांनीच विचारलं, गवत आणलंय ना? तेव्हापासून माझं नाक जे वर गेलं ते खाली आलंच नाही, आणि ते खाली का यावं, मला कारणही दिसलं नाही.

तुला मी शिकवलं ते त्याच मस्तीत. ओरेगॅनो घरातला कर्ता, त्याच्याशिवाय चूल पेटत नाही, पण सगळीकडे त्याचंच चालू दिलं तर बाकीचे गप्प बसतात. बेझिल गोड, पण रुसकं. वर्ष उलटायच्या आत वास सोडतं आणि नुसता हिरवा भुसा उरतो. रोझमेरी कुटून घालायची, नाहीतर सुईसारखी दातात अडकते. सेज चिमटीने, मुठीने नाही. ते वाढलं की घास कडू होतो. पार्सली रंगापुरती, पुदिना नावापुरता. आणि थाइम, जे तोंडात शिरताना काही बोलत नाही, पण घास गिळल्यावर तेच मागे राहतं. प्रमाण माझं ठरलेलं होतं, कान तुटलेल्या कपाने तीन, दोन, एक, आणि खोकल्याच्या बाटलीच्या झाकणाने बाकीचं. पण कप हा नुसता सुरुवातीला. पान दर वर्षी वेगळं असतं, दर पोत्यात वेगळं. तळहातावर चोळायचं, वर तोंडाची वाफ सोडायची, हुंगायचं, आणि मग कपातलं कमी करायचं की वर भर घालायची ते ठरवायचं. तू लग्न होऊन आलीस ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतला तुझा छोटा काटा टॉवेलात गुंडाळून घेऊन, आणि पहिल्याच रविवारी म्हणालीस, आई, आपण वजन करून बघू या का? मी त्या काट्यावर बाहुलीचं वजन केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, मापाने करते ती सून, नाकाने करते ती सासू. तू हसायचीस. एकदाही उलटून बोलली नाहीस, आणि मला वाटायचं, बोलायला आहेच काय तिच्याकडे.

बरण्या परत आल्यावर मी काय केलं ते ऐक. साप साप म्हणून भुई धोपटली. आधी पालेवाल्याकडे गेले आणि भर दुकानात त्याला झाडलं. त्याने शांतपणे माझ्यासमोर पोतं उघडलं, सेजचं पान चोळलं आणि माझ्या नाकाखाली धरून म्हणाला, नवा माल आहे, नेहमीपेक्षा दुपटीने उग्र, तुम्ही हुंगूनच नेला होतात की. मी हुंगलं आणि म्हणाले, हो, ठीक आहे. काय ठीक होतं ते माझं मला ठाऊक. मग बरण्यांना दोष दिला, झाकणांना दिला, हवेला दिला. आणि सगळ्यांचं झाल्यावर, सांगायला जीभ रेटत नाही पण सांगते, तुला दिला. मनात आलं, हिने जाताना डबे इकडचे तिकडे केले असणार. आपल्यावाचून अडतं हे सासूला दिसावं म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं, पण तेव्हा ते मला दिसत नव्हतं. मी पुरावा शोधायला तुझ्या कपाटाला हात घातला. दुसऱ्याचं कपाट मी आयुष्यात उघडलं नव्हतं. तुझ्या काट्याच्या खोक्याखाली ती निळी वही मिळाली.

पहिलं पान उघडलं. सरळ रेघा मारून चार रकाने: तारीख, काय घातलं, किती, कारण. सगळ्या तारखा सोमवारच्या. रविवारी दुपारी मी मिश्रण करते, दोन दिवस डब्यात मुरू देते, मंगळवारी बरण्या भरते. सोमवारी सकाळी मी ठमाबाईला शाळेत सोडते आणि बागेत बाकावर बायकांशी गप्पा मारत बसते. तेवढ्या तासाभरात तू डबा उघडत होतीस. कधी बेझिल बावीस ग्रॅम वाढवलंस, कधी ओरेगॅनो. एकदा अर्धा डबा काढून टाकून तेवढंच नवं मिसळलंस. आणि मग पातळी पहिल्याइतकी करून, झाकण मी लावते तसं थोडं वाकडं लावून, कामावर जात होतीस. चौदा महिने. एकही सोमवार चुकलेला नाही, तुला ताप होता त्या आठवड्यातलासुद्धा.

पण मला रडवलं ते चौथ्या रकान्याने. तू प्रयोगशाळेत काम करतेस. पाण्याच्या एका थेंबात काय आहे ते लिहिताना तुझा हात कधी चुकत नाही. साहेबांनी एकदा आकडा जरा सौम्य लिहा म्हटलं तेव्हा तू नाही म्हणालीस आणि वर्षभर बढती गमावलीस. तीच तू इथे लिहितेस: ‘पान जुनं होतं.’ पुढच्या सोमवारी, ‘पोत्याला ओल लागली होती.’ मग ‘सेज नेहमीपेक्षा उग्र’, ‘झाकण सैल राहिलं’, ‘हवा दमट’. साठ ओळी आहेत. साठ ओळींत पानाचा दोष आहे, पोत्याचा आहे, हवेचा आहे. माझा एकदाही नाही. जी वही कुणीच वाचणार नव्हतं, तिच्यातसुद्धा तू मला उघडं पाडलं नाहीस.

पहिली तारीख मी बोटांवर मोजली. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मला तो ताप आला होता, त्यातून उठल्यावरचा दुसरा सोमवार. म्हणजे तुला माझ्याइतक्याच लवकर कळलं होतं. तर आता लिहूनच टाकते, कारण मोठ्याने बोलून पाहिलं आणि जमलं नाही. मला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. आधी वाटलं सर्दी आहे, मग वाटलं हळूहळू येईल, मग वाटणं सोडून दिलं. दूध उतू जाऊन करपलं आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, तेव्हा मी फोन आला होता असं म्हणाले. फोन आला नव्हता. ठमाबाई अंघोळ करून मांडीत येऊन बसते तेव्हा मी सवयीने तिच्या केसांत नाक खुपसते, आणि तिथे काही नसतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मी रविवारी तळहातावर पान चोळायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायचे, आणि कपाने मोजून घालायचे. नुसत्या मापाने. ज्यावरून तुला आठ वर्षं टोमणे मारले ते करत होते, आणि तेही वाईट करत होते.

पाहुणे आले की माझा तो खेळ आठवतो ना? डोळे बांधायचे, कुणीतरी चिमूट हातात द्यायची आणि मी हुंगून नाव सांगायचं. तापानंतरसुद्धा मी तो तीनदा केला आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या. रोझमेरी बोटांना टोचते, सेज मऊ लोकरीसारखं लागतं, थाइम बारीक, पार्सली हलकी. पण कुस्करलेलं ओरेगॅनो आणि बेझिल बोटांना सारखंच लागतं, तिथे मी नशिबावर सोडायचे आणि नशीब दर वेळी पावायचं. वही वाचून झाल्यावर आठवलं, की तापानंतर चिमटी नेहमी तूच पुढे करायचीस, दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाहीस. आणि ओरेगॅनो नेहमी आधी द्यायचीस, कारण मी तेच नाव आधी घेते हे तुला ठाऊक होतं. माझं नशीब तिथे चिमटी घेऊन उभं होतं आणि मला वाटत होतं, मी सगळ्यांना कशी फसवतेय.

वही मी उलटी करून पाहिली म्हणून बरं झालं, नाहीतर शेवटची पानं राहिली असती. तिथे तू लिहिलंयस ‘आईंचा अंदाज’. तुझ्या लग्नानंतरची पहिली तीन वर्षं. मी मिश्रण करायच्या आधी पाल्याच्या प्रत्येक बरणीचं वजन, केल्यानंतरचं वजन, आणि मधला फरक. शेजारी बारीक अक्षरात, ‘आज सेज अर्धंच घेतलं, पान नवं आहे म्हणाल्या’, ‘बेझिल दीडपट, हुंगून नाक मुरडलं’. मी बाहुलीचं वजन करून हसत होते तेव्हा तू माझं शिकत होतीस. माझं नाक तू ग्रॅममध्ये उतरवून ठेवलंस, शंभराहून जास्त रविवार, आणि ते माझ्यापाशी नाही तेव्हा तुझ्यापाशी आहे. मी ती पानं आधी रडत वाचली, मग दुसऱ्यांदा ताठ बसून वाचली. काय सुरेख काम आहे गं. आणि काय सुरेख होतं माझं नाक. दोन्हीचा अभिमान वाटला, कुणाचा जास्त ते विचारू नकोस.

परवा वृद्धाश्रमाच्या बाई आल्या होत्या. उंच, नीटनेटक्या, नखं बारीक कापलेली. स्वयंपाकघरातल्या बाईची नखं मी आधी बघते. त्यांनी बटाट्यावर तुझ्या हातची जुनी बरणी भुरभुरली, दोन घास खाल्ले आणि विचारलं की हे नक्की कोण करतं, कारण दर महिन्याला अगदी हीच चव हवी, त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यांना बदल सोसत नाही. तुझा नवरा तोंड उघडून माझं नाव घेणार होता. मी त्याला थांबवलं आणि म्हणाले, “माझी सून करते. मी तिच्या हाताखाली आहे.”

त्याला ठसका लागला. पाणी प्यायला गेला तो तिकडेच थांबला, आणि बाई गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याला कुठून कळणार? भाजीत मीठ विसरलं तरी तो वा म्हणून खातो. पण मग उठला आणि तुझा काटा काढून टेबलावर ठेवला, पुसून.

काल रविवार होता. मी खिडकीचा पडदा सरकवला, चष्मा लावला आणि तुझी वही समोर ठेवून माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांनी, तुझ्या आकड्यांनी मिश्रण केलं. सेज नवं आणि उग्र आहे हे पालेवाल्याने सांगितलंच होतं, म्हणून तुझ्या वहीतला तसाच रविवार शोधला आणि तितकंच कमी केलं. बेझिलचा रंग फिका दिसला, तेव्हा दुसरा रविवार शोधला. काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. कपाला एवढी तमा नव्हती. तो कान तुटलेला कप मी धुऊन वरच्या फळीवर ठेवलाय. टाकला नाही. एवढी समजूतदार मी अजून झालेली नाही.

चार दिवस सासूचे संपले आणि सुनेचे सुरू झाले, असं शेजारपाजार म्हणेल तर म्हणू दे. तुझे चौदा महिन्यांपूर्वीच सुरू झाले होते, फक्त तू मला कळू दिलं नव्हतंस. परत आलीस की सोमवारी सकाळी चोरून डबा उघडायचा नाही. रविवारी दुपारी टेबलावर उघडायचा, माझ्यासमोर, आणि तू हुंगायचं आणि मी लिहायचं, आणि वास कसा आहे ते मला शब्दांत सांगायचं, कंटाळा न करता. मला ओरेगॅनोचा वास आठवतो. बेझिलचा पुसट होत चाललाय. तू सांगत राहिलीस तर टिकेल असं वाटतं.

हे सगळं लिहायचं कारण या पाकिटात आहे. घडी केलेल्या कागदात कालच्या मिश्रणाची पुडी ठेवली आहे, तुला पोचेपर्यंत ती नीट मुरलेली असेल. सोबत निळ्या वहीचं एक पान फाडून जोडलंय, माफ कर. तारीख, काय घातलं, किती, हे तीन रकाने मी भरलेत, चौथा रिकामा ठेवलाय. पुडी उघड, तळहातावर चोळ, वाफ सोड आणि हुंग. जमलं असेल तर तसं लिही, म्हणजे सोमवारी मी त्या बाईंना बरणी देईन, आणि एक मास्तरांनाही, चिठ्ठीच्या उत्तरासह. जमलं नसेल तर तेही लिही. पण या वेळी पानावर ढकलू नकोस, पोत्यावर नको, हवेवर नको. तिथे घालायला माझं नाव आहे ना. कारणाच्या रकान्यात खरं लिही.

तुझीच,
पडली तरी नाक वर असलेली,
आई